फोन घरोघरी, हिशेब कोणाकडे?

वणीच्या बाजारपेठेत एसटीडी-पीसीओचा पिवळा बोर्ड आता शोधूनही सापडत नाही. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी असा बोर्ड असलेल्या दुकानापुढे रात्री रांग लागायची. मुंबईला कामाला गेलेला मुलगा, सौदीला गेलेला भाऊ, मालेगावात दिलेली बहीण यांच्याशी बोलायचे तर आधी पैसे मोजून घ्यावे लागत. गावाबाहेरच्या कॉलसाठी तर रात्री दर उतरण्याची वाट पाहावी लागे. काचेच्या खोलीत रिसीव्हर कानाला असला तरी नजर मीटरच्या लाल आकड्यांवर असे. "सगळे खैरियत आहे ना? ठेवते आता," एवढ्यात बोलणे आटपायचे. आज त्याच गावात प्रत्येकाच्या खिशात फोन आहे. मीटर मात्र दिसेनासा झाला आहे.

मीटर दिसत नाही म्हणून तो थांबलेला नाही. फोन आपल्याला पुष्कळ देतो, पण त्या बदल्यात घरातून तीन गोष्टी रोज थोड्याथोड्या बाहेर जातात: पैसा, वेळ आणि विश्वास. किराण्याचा, दुधाचा, शाळेच्या फीचा हिशेब आपण ठेवतो. फोनचा हिशेब बहुतेक घरांत कोणीच ठेवत नाही. या लेखात आपण तो मांडून पाहू. वणीसारख्या निमशहरी गावात हा प्रश्न मुंबई-पुण्याइतकाच मोठा झाला आहे.

एका वर्षातल्या तीन घटना

भारतातला पहिला मोबाईल कॉल ३१ जुलै १९९५ रोजी झाला. पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योती बसू कलकत्त्याहून दिल्लीत केंद्रीय दूरसंचार मंत्री सुखराम यांच्याशी बोलले. त्या काळी कॉल करणाऱ्याला पैसे पडत आणि घेणाऱ्यालाही पडत. २००३ मध्ये येणारे कॉल मोफत झाले आणि फोन सामान्य माणसाच्या आवाक्यात आला. मग 'मिस्ड कॉल'ची युक्ती आली. एक रिंग म्हणजे पोहोचलो, दोन रिंग म्हणजे तू फोन कर. गरिबाने पैसे वाचवण्यासाठी काढलेली ती सांकेतिक भाषाच होती.

खरे वळण २०१६ मध्ये आले. त्या वर्षी ११ एप्रिलला यूपीआय ही पैसे पाठवण्याची व्यवस्था सुरू झाली. ५ सप्टेंबरला जिओने सेवा सुरू केली आणि इंटरनेट एकदम स्वस्त झाले. ८ नोव्हेंबरच्या रात्री नोटाबंदी जाहीर झाली आणि हातातली रोकड आटली. सात महिन्यांत घडलेल्या या तीन गोष्टींनी फोनचे कामच बदलून टाकले. तोपर्यंत तो बोलण्याचे साधन होता. त्यानंतर तोच बँक झाला, दुकान झाला, टीव्ही झाला आणि चार वर्षांनी कोरोनाच्या टाळेबंदीत शाळाही झाला. एवढी सगळी कामे एका वस्तूकडे गेल्यावर ती वस्तू घरात कोणाच्या हातात आहे, हा साधा प्रश्न राहत नाही.

बाजारात काय बदलले

आपला दिंडोरी तालुका द्राक्षे, टोमॅटो आणि कांद्याचा. पूर्वी शेतकरी माल भरून निघायचा आणि बाजार समितीच्या आवारात पोहोचल्यावर त्याला भाव कळायचा. भाव पडलेला असला तरी गाडीभाडे देऊन माल परत आणणे परवडत नसे. मिळेल त्या दराने विकून तो घरी यायचा. आता लासलगाव, पिंपळगाव आणि वणीचे भाव गाडी भरण्याआधीच ग्रुपवर येतात. कुठे न्यायचे आणि आज न्यायचे की दोन दिवस थांबायचे, हे शिवारात बसून ठरवता येते. बागेच्या कामासाठी सुरगाणा-पेठकडच्या मजुरांच्या मुकादमाला फोन गेला की टोळी ठरते. मोबाईल स्टार्टरवर रात्री घरूनच विहिरीची मोटर चालू करता येते. अंधारात साप-विंचवाच्या वाटेने जाण्याचा त्रास त्यामुळे वाचला.

फोनमुळे बाजारात होणारा हा फायदा अभ्यासकांनी मोजूनही पाहिला आहे. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने केरळच्या उत्तर किनाऱ्यावरील मच्छीमारांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध केला. तिथे १९९७ ते २००१ या काळात मोबाईल पोहोचला. त्याआधी एका किनाऱ्यावर तारली मासळीला गिऱ्हाईक नसे, तर जवळच्याच दुसऱ्या किनाऱ्यावर मासळी नसे. न विकलेली मासळी समुद्रात फेकून द्यावी लागे. फोन आल्यावर होडीतूनच चौकशी होऊ लागली. मासळी फेकणे जवळजवळ थांबले, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि ग्राहकाला मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली. विकणारा आणि घेणारा, दोघांचेही भले झाले.

आपल्या समाजातील अनेक घरे गॅरेज, वेल्डिंग, फळांची गाडी, चिकन-मटणाचे दुकान, शिवणकाम आणि बांगड्यांच्या धंद्यावर चालतात. या लोकांनाही फोनने हात दिला. रस्त्यात ट्रॅक्टर बंद पडला की फोन येतो आणि मिस्त्री सामान घेऊन तिथे पोहोचतो. नवरात्रात आणि चैत्रात सप्तशृंगी गडाच्या यात्रेला लाखो भाविक येतात. त्या गर्दीत सुट्ट्या पैशांवरून होणारी कटकट क्यूआर कोडने मिटवली. घरी शिवणकाम करणारी एखादी बहीण ब्लाउजच्या गळ्याचे नमुने स्टेटसवर ठेवते आणि शेजारच्या गावातून ऑर्डर घेते. दुकानाचे भाडे नाही, बोर्ड नाही, दलालही नाही.

तरीही फोन भाव कळवतो, पैशाची हमी देत नाही. द्राक्षाच्या हंगामात बाहेरगावचा व्यापारी येतो, गोड बोलून माल उचलतो आणि पैसे द्यायची वेळ आली की त्याचा नंबर बंद लागतो. असे प्रकार नाशिक जिल्ह्यात वर्षानुवर्षे घडत आले आहेत. सौदा फोनवर झाला तरी कागद, पावती आणि ओळख यांना पर्याय नाही. दुकानदारानेही गिऱ्हाइकाच्या फोनवरचा 'पैसे गेले' हा स्क्रीनशॉट पाहून माल देऊ नये. आपल्या खात्यात रक्कम आली का, एवढेच पाहावे. आपल्या क्यूआर कोडवर दुसऱ्या कोणी आपला कोड चिकटवला नाही ना, हेही सकाळी दुकान उघडताना एकदा बघून घ्यावे.

घरखर्चातला नवा रकाना

आता घरात येऊ. जुलै २०२४ मध्ये सर्व मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. त्यानंतर जिओचा रोज दीड जीबीचा २८ दिवसांचा प्लॅन २९९ रुपयांना झाला. महिना ३० दिवसांचा आणि प्लॅन २८ दिवसांचा, म्हणजे वर्षात १२ ऐवजी १३ रिचार्ज. एका फोनचे वर्षाला ३,८८७ रुपये होतात. घरात अब्बा, अम्मी, मुलगा आणि दादी असे चार फोन असतील तर १५,५४८ रुपये. महिन्याला जवळजवळ १,३०० रुपये. फोनचे हप्ते, फुटलेली काच, नवे चार्जर हे वेगळेच. रोजंदारीवरच्या घरात ही रक्कम लहान नाही. तेवढ्यात एका मुलीच्या शाळेचा गणवेश, वह्या आणि बसचा पास सहज निघू शकतो.

यातला काही खर्च टाळता येतो. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजे ट्रायने, डिसेंबर २०२४ मध्ये कंपन्यांना फक्त कॉल आणि एसएमएसचे प्लॅन देण्यास सांगितले. जानेवारी २०२५ पासून ते मिळू लागले. दादीचा साधा बटणाचा फोन असेल तर तिच्यासाठी इंटरनेटचे पैसे भरण्याचे कारण नाही. ट्रायच्या २०२२ च्या आदेशानुसार प्रत्येक कंपनीकडे किमान एक प्लॅन पूर्ण ३० दिवसांचा असावाच लागतो. रिचार्जच्या दुकानात जाऊन हे प्लॅन नाव घेऊन मागावे लागतात. कोणी आपणहून सांगत नाही.

हप्त्यावर घेतलेल्या महागड्या फोनचाही विचार करायला हवा. लग्न ठरले की नवऱ्या मुलाला कोणता फोन द्यायचा, यावर आता आपल्याकडे बोलणी होतात. निकाह सोपा करा, असे आपण व्याख्यानात ऐकतो आणि बाहेर येऊन पन्नास हजारांच्या फोनसाठी कर्ज काढतो.

लुटीचे नवे रस्ते

पूर्वी पाकीटमार बसस्टँडवर भेटायचा. आता तो फोनवरून घरात येतो आणि बहुधा भीती किंवा लालूच घेऊनच येतो.

भीतीचा प्रकार म्हणजे 'डिजिटल अरेस्ट'. पोलिसाच्या गणवेशातला माणूस व्हिडिओ कॉलवर येतो. तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, तुमच्या खात्यातून बेकायदा व्यवहार झाला, असे दरडावतो. कॅमेऱ्यासमोरून हलू नका, कोणाला सांगू नका आणि पैसे भरा, असे बजावतो. आपल्या लोकांच्या मनात पोलीस-कचेरीची धास्ती जरा जास्तच असते, त्यामुळे अशा कॉलने ती माणसे लवकर गळून जातात. म्हणून हे पक्के लक्षात ठेवावे की भारताच्या कायद्यात 'डिजिटल अरेस्ट' नावाची गोष्टच नाही. कोणताही पोलीस अधिकारी, न्यायालय किंवा बँक व्हिडिओ कॉलवर अटक करत नाही आणि पैसे मागत नाही.

लालूच घेऊन येणारे प्रकार जास्त आहेत. घरबसल्या काम, व्हिडिओला लाइक केल्यास पैसे, पाच मिनिटांत कर्ज. झटपट कर्ज देणारी काही अॅप फोनमधले सगळे नंबर आणि फोटो काढून घेतात. हप्ता चुकला की नातेवाइकांना घाणेरडे संदेश पाठवतात. इज्जतीला जपणाऱ्या घरासाठी हा घाव पैशाच्या नुकसानीपेक्षा मोठा असतो. ऑनलाइन रमीने तर कित्येक तरुणांची कमाई गिळली. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर केंद्र सरकारने ऑगस्ट २०२५ मध्ये कायद्याने बंदी घातली. पण खेळणाऱ्याची सवय कायद्याने एका दिवसात जात नाही. घरच्यांनी लक्ष ठेवणे गरजेचेच आहे.

आणखी एक नवा प्रकार म्हणजे लग्नपत्रिका किंवा वाहनाच्या दंडाची पावती म्हणून व्हॉट्सअॅपवर येणारी फाइल. फाइलच्या नावाच्या शेवटी 'एपीके' असेल तर ती पत्रिका नव्हे, फोनमध्ये शिरणारे अॅप असते. ओळखीच्या नंबरवरून आली तरी उघडू नये. त्या माणसाचा फोनही आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

तीन गोष्टी घरातल्या सर्वांना पाठ असाव्यात. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच टाकावा लागत नाही. ओटीपी कोणालाही सांगायचा नसतो, बँकेतून बोलतो म्हणणाऱ्यालाही नाही. आणि फसवणूक झालीच तर रडत बसण्याआधी १९३० हा क्रमांक लावायचा. जितक्या लवकर तक्रार होईल तितकी रक्कम वाटेत गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. शरमेपोटी दोन दिवस गप्प राहिले तर पैसा कुठल्या कुठे गेलेला असतो.

ओटीपी कोणाच्या फोनवर येतो?

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांना विचारले होते की तुम्ही स्वतः वापरता असा मोबाईल तुमच्याकडे आहे का. देशात सुमारे ५४ टक्के स्त्रियांनी होय म्हटले. म्हणजे जवळजवळ निम्म्या स्त्रियांकडे स्वतःचा फोन नव्हता. त्यानंतर परिस्थिती सुधारली असेल, पण आपल्या मोहल्ल्यात नजर टाकली तर फोन घेताना पहिला नंबर मुलाचा आणि शेवटचा अम्मीचा, हे आजही दिसते.

याचा परिणाम व्यवहारात कळतो. लाडकी बहीण योजनेचे १,५०० रुपये स्त्रीच्या खात्यात येतात. त्या योजनेची ई-केवायसी करायची वेळ आली तेव्हा आधारला जोडलेल्या नंबरवर ओटीपी येऊ लागला. ज्या बहिणींच्या आधारला नवऱ्याचा, दिराचा किंवा कधीच बंद पडलेला नंबर जोडलेला होता, त्यांची अडचण झाली. शिष्यवृत्तीचा अर्ज, बँकेचे खाते, गॅसची सबसिडी, रेशन, हजचा अर्ज, सगळीकडे आता नंबर लागतो. म्हणून घरातल्या प्रत्येक स्त्रीचा स्वतःचा, चालू असलेला आणि आधारला जोडलेला नंबर असणे ही चैन नाही. हक्क मिळवण्याची ती पहिली पायरी आहे.

मुलींच्या बाबतीत आपण अधिक सावध असतो आणि त्या सावधपणात मुलींचेच नुकसान होते. 'असर' या शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भागातील १४ ते १६ वयाच्या मुलामुलींची माहिती आहे. स्मार्टफोन वापरता येणाऱ्यांपैकी स्वतःचा फोन असलेले मुलगे ३६ टक्के, तर मुली २७ टक्के होत्या. मुलगा रात्री एकपर्यंत फोन पाहतो ते चालते, मुलीने शिक्षिकेला प्रश्न विचारण्यासाठी फोन मागितला की 'कशाला हवा?' असे ऐकावे लागते.

एखादा मुलगा मुलीचा फोटो घेऊन, त्यात फेरफार करून तिला धमकावतो, तेव्हा ती घरी का सांगत नाही? कारण तिला ठाऊक असते की आधी तिचा फोन जाईल, मग शाळा जाईल आणि मग घाईने रिश्ता पाहिला जाईल. गुन्हा दुसऱ्याचा आणि शिक्षा तिला. तिच्या या भीतीवरच धमकावणाऱ्याचा सगळा धंदा चालतो. कोणाचे खासगी चित्र त्याच्या संमतीशिवाय पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर स्त्रिया आणि मुलांविरुद्धच्या अशा गुन्ह्यांची तक्रार नाव न सांगताही करता येते. पण त्याआधी मुलीला घरात एक तरी माणूस असा हवा, ज्याला ती न घाबरता सांगू शकेल. अम्मी असो, खाला असो, फूफी असो. "तुझी चूक नाही, आपण बघू," हे वाक्य तिला तिथे मिळाले पाहिजे.

एका अफवेची किंमत

आता तिसरी गोष्ट, विश्वास. १ जुलै २०१८ हा दिवस आपल्या भागाने विसरू नये. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडे बाजाराचा दिवस होता. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा कित्येक दिवस व्हॉट्सअॅपवर पसरत होती. त्या दिवशी गावात आलेल्या पाच भिक्षेकऱ्यांना जमावाने त्या टोळीतले समजून ठेचून मारले. ते सोलापूर जिल्ह्याच्या मंगळवेढा तालुक्यातील नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे गरीब लोक होते. पाचही जण निर्दोष होते.

त्याच रात्री मालेगावात आझादनगर भागात तशीच वेळ आली. परभणीकडून आलेल्या एका कुटुंबाला लोकांनी घेरले. पाच जण होते, त्यांत एक दोन वर्षांचे लेकरू. बघता बघता हजाराच्या वर जमाव गोळा झाला. पण इथे काही स्थानिक लोक आडवे आले. त्या कुटुंबाला एका घरात सुरक्षित ठेवले आणि पोलिसांनी जमावाला तोंड देत त्यांना बाहेर काढले. पाचही जीव वाचले. एकाच दिवशी एकाच अफवेने दोन ठिकाणी माणसे पेटली. फरक एवढाच पडला की मालेगावात दार उघडणारे आणि जमावासमोर उभे राहणारे कोणीतरी होते.

त्या वर्षी देशभर फिरलेली मुले पळवण्याची एक चित्रफीत मुळात कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेली होती. शेवटी मूल परत आणून देतात आणि संदेश दाखवतात, तेवढा भाग कोणीतरी कापून टाकला होता. पुढे पाठवणाऱ्या लाखो लोकांपैकी बहुतेकांची नियत वाईट नव्हती. आपल्या मुलांच्या काळजीनेच त्यांनी ती पुढे ढकलली. पण खात्री करायला कोणी थांबले नाही. या घटनांनंतर जुलै २०१८ मध्ये व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी संदेश पुढे पाठवता येईल, अशी मर्यादा घातली.

कुरआनच्या सूरह हुजुरातमध्ये आपल्याला शिकवले आहे की कोणी बातमी आणली तर आधी तिची खात्री करून घ्या, नाहीतर अजाणतेपणी कोणावर जुलूम होईल आणि मग पस्तावाल. हा दर्स आपण ऐकलेला असतो. तरीही कुठल्या शहरात दंगल झाली, कोणत्या औषधाने साखर बरी होते, कोणत्या फॉर्मवर सही केली तर नागरिकत्व जाईल, असे संदेश आपण वाचून पूर्ण होण्याआधीच पुढे पाठवतो. खोट्या संदेशाचा फटका आपल्या समाजाला वारंवार बसतो. म्हणून खोटे पसरवण्यात आपला हात नसावा, याची जबाबदारी आपल्यावर अधिक आहे.

वर्गातून दिसणारे चित्र

आम्ही शिक्षक मंडळी फोनला शत्रू मानत नाही. कोरोनाच्या काळात शाळा फोनवरच चालली. अवघड शब्दाचा उच्चार, पृथ्वीच्या फिरण्याची चित्रफीत, जुन्या प्रश्नपत्रिका हे सगळे फोनमुळे मुलांना मिळते. पण 'असर'च्या त्याच अहवालात असेही दिसले की आदल्या आठवड्यात फोनचा अभ्यासासाठी वापर केलेली मुले ५७ टक्के होती, तर समाजमाध्यमांसाठी वापर करणारी ७६ टक्के.

एक साधा हिशेब पालकांनी मुलांसमोर बसून करावा. शिक्षण हक्क कायद्यानुसार सहावी ते आठवीच्या वर्गांना वर्षात किमान १,००० तास शिकवले जावे लागते. मूल रोज तीन तास रील पाहत असेल तर वर्षाचे १,०९५ तास होतात. म्हणजे शाळेच्या एका अख्ख्या वर्षाहून जास्त. कोणत्याही शिकवणीला ही भरपाई करता येणार नाही.

भाषेवरही परिणाम दिसतो. मुले उर्दू बोलतात, मराठी बोलतात, पण फोनवर दोन्ही भाषा इंग्रजी अक्षरांत लिहितात. मग वहीत नस्तालीक वळत नाही आणि मराठीत ऱ्हस्व-दीर्घ राहत नाही. दादीने लिहिलेले उर्दू खत नातवाला वाचता येत नाही, अशी घरे वाढत आहेत. उपाय कठीण नाही. फोनमध्ये उर्दू आणि देवनागरी, दोन्ही कळफलक मोफत मिळतात. घरच्या ग्रुपवर तरी आपापल्या लिपीत लिहायचे, असे ठरवता येते.

गावांनी केलेले प्रयोग

महाराष्ट्रातल्या काही गावांनी यावर एकत्र बसून विचार केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव या गावाने २०२२ मध्ये रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजवायला सुरुवात केली. भोंगा वाजला की घरोघरी टीव्ही आणि मोबाईल बंद होतात आणि साडेआठपर्यंत मुले अभ्यास करतात. सुरुवातीला गावकऱ्यांनी घरोघरी फिरून समजावले. मोठ्यांनीही त्या वेळात फोन बाजूला ठेवला, म्हणून मुलांनी ऐकले.

त्याच वर्षी यवतमाळ जिल्ह्याच्या पुसद तालुक्यातील बांशी ग्रामपंचायतीने १८ वर्षांखालील मुलांना मोबाईल वापरण्यास बंदीचा ठराव केला आणि दंडही ठेवला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०२५ पासून १६ वर्षांखालील मुलांना समाजमाध्यमांवर खाते ठेवण्यास मनाई केली. म्हणजे हा प्रश्न एका गावाचा किंवा एका समाजाचा नाही, सगळे जग त्यावर उपाय शोधते आहे.

या प्रयोगांमध्ये आम्हाला वडगावचा मार्ग अधिक जवळचा वाटतो. बंदी आली की मूल लपून पाहू लागते. शिवाय मुलांचा फोन काढून घेऊन मोठ्यांनी स्वतःचा चालू ठेवला तर त्या नियमाला वजन राहत नाही. ठरावीक वेळ सर्वांनी मिळून पाळली तर ती घराची रीत बनते.

मगरिब ते इशा

आपल्या घरांना भोंगा बसवण्याचीही गरज नाही. मगरिबची अजान रोज होते आणि तिच्यानंतर सव्वा-दीड तासाने इशाची. वडगावने अभ्यासासाठी ठेवलेला वेळ जवळजवळ एवढाच आहे. पूर्वी याच वेळात मुले अरबी वाचायची, पाढे म्हणायची, दादीकडून किस्से ऐकायची. तो वेळ अजून तिथेच आहे, फक्त त्यावर आता स्क्रीनचा ताबा आहे. मगरिबपासून इशापर्यंत घरातले सगळे फोन एका टोपलीत किंवा कपाटावर ठेवायचे, अब्बांचाही. दुकानाचा किंवा तातडीचा फोन आला तर घ्यायचा, पण हातात धरून बसायचे नाही. एवढा एक नियम महिनाभर पाळून पाहावा.

त्याबरोबर महिन्यातून एकदा, रिचार्जच्या दिवशी, घराने एकत्र बसावे. या महिन्यात फोनवर किती खर्च झाला, कोणाचा किती वेळ गेला, कोणता संशयास्पद संदेश आला, अम्मीचा नंबर आधारला जोडला का, मुलीला काही अडचण आहे का, हे विचारावे. रागावण्यासाठी नव्हे, माहीत असावे म्हणून. मशिदीच्या कमिटीने आणि महिला बचत गटांनी वर्षातून एखादे सत्र ठेवून १९३० हा नंबर, यूपीआयची काळजी आणि ई-केवायसी समजावून सांगितली तर ज्या घरात सांगणारे कोणी नाही, तिथेही ही माहिती पोहोचेल. शिकलेल्या तरुण मुलामुलींनी मोहल्ल्यातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनची पंधरा मिनिटे तपासणी करून दिली तर तीही मोठी खिदमत ठरेल.

फोन परत करता येणार नाही आणि करण्याचे कारणही नाही. शेतकऱ्याला त्याने भाव कळवला, मिस्त्रीला काम दिले, परदेशातल्या मुलाचा चेहरा आईला दाखवला. त्याची बरकत टिकवायची असेल तर मात्र त्याचा हिशेब घराने आपल्या हाती घ्यायला हवा. सुरुवात आज संध्याकाळच्या मगरिबपासून करता येईल.